दिवसा लाइट देणारी डिग्री

आधी एक कबुली. माझं सगळं शालेय शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. एकोणसाठ म्हणजे फिफ्टी नाइन की सिक्स्टी नाइन, हे मला आजही मनातल्या मनात मोजून बघावं लागतं. त्यामुळे या लेखात कुठे ऱ्हस्वाचं दीर्घ झालं असेल तर मराठी विभागाच्या संपादकांनी ते पोटात घालावं. "तू इंग्लिश सेक्शनला लिही ना, कशाला उगाच..." असं माझी रूममेट म्हणाली होती. पण हा लेख ज्यांच्यामुळे सुचला त्यांना इंग्रजी येत नाही, आणि अंक छापून आला की तो मला त्यांना वाचून दाखवायचाय. म्हणून हा खटाटोप!

ते म्हणजे आमचे तात्या. बाबांचे थोरले भाऊ. सोलापूरच्या दक्षिणेला आमचं गाव आहे. बाबा नोकरीसाठी शहरात आले, तात्या रानातच राहिले. गेल्या दिवाळीत मी गावी गेले होते. रात्री साडेबाराला जाग आली, बघते तर तात्या डोक्याला मफलर गुंडाळून, एका हातात बॅटरी आणि खांद्यावर खोरं घेऊन निघालेले. त्या आठवड्यात शेतीच्या लाइटीची रात्रपाळी होती. मी हट्टाने मागोमाग गेले. मोटार चालू झाली आणि तात्या दारं धरायला लागले. म्हणजे काय, तर एका सरीला पाणी पुरेसं झालं की खोऱ्याने माती ओढून तिचं तोंड बंद करायचं आणि पुढच्या सरीचं उघडायचं. चिखलात, अंधारात, पहाटेपर्यंत. मी बांधावर बसून नुसता बॅटरीचा उजेड इकडेतिकडे मारत होते. कारण मी अकरावीत असताना याच बांधावर तात्यांना घोणस चावली होती. नऊ दिवस दवाखान्यात होते. वाचले. पण डावा पाय थंडीत अजून सुजतो, आणि पाळी आली की तात्या पुन्हा त्याच बांधावर.

मध्येच खोऱ्यावर रेलून ते म्हणाले, "काय गं, तू लाइटीचंच शिकायलीस न्हवं?"

"हो तात्या."

"मग दिवसा लाइट देणारी डिग्री हाय का न्हाई तुमच्या कालेजात? असंल तर तीच घे बघ."

मी हसून वेळ मारून नेली. पण हॉस्टेलवर परत आल्यावर तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. कारण मी थर्ड इयरला आहे, इलेक्ट्रिकलला आहे आणि मला खरोखरच एक डिग्री निवडायची आहे!

सध्या आमच्या विंगमध्ये "मेसमध्ये आज काय?" याच्या खालोखाल विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "पुढे काय?" त्यातही 'एनर्जी सेक्टर' हा शब्द भलताच फॉर्मात आहे. पूर्वी प्रत्येकाला म्हणे सॉफ्टवेअरमध्ये जायचं असायचं, आता निम्म्या जणांना सोलर, हायड्रोजन नाहीतर बॅटरीमध्ये जायचंय. चांगलंच आहे की! पण मग माहितीपत्रकं येतात. एम.टेक. रिन्यूएबल एनर्जी, एम.एस. सस्टेनेबल एनर्जी सिस्टिम्स, एम.बी.ए. एनर्जी मॅनेजमेंट, आणखी कसलं तरी ग्रीन, क्लीन, स्मार्ट. मुखपृष्ठावर हिरवं गवत, त्यावर पवनचक्की आणि हेल्मेट घालून हसणारी मुलगी. (खऱ्या साइटवर कोणी एवढं हसत असेल असं मला वाटत नाही.)

मी काही त्या अभ्यासक्रमांच्या विरोधात नाही. पण माझं स्पष्ट मत असं आहे की आपण डिग्री नावावरून निवडतो आणि तिथेच फसतो. आमच्या ओळखीतल्या एका सिनियर दादाने असंच कर्ज काढून एका खासगी संस्थेतून रिन्यूएबल एनर्जीत एम.टेक. केलं. दोन वर्षांत थोडं सोलर, थोडं विंड, थोडं बायोमास, थोडं एनर्जी ऑडिट, म्हणजे थाळीतल्या प्रत्येक वाटीतला एकेक चमचा. आज तो बंगल्यांच्या गच्चीवर पॅनेल विकतो. महिन्याचं टार्गेट असतं. काम प्रामाणिक आहे, त्यात कमीपणा काहीच नाही. पण तो स्वतःच म्हणाला, "हे मी बी.ई. झाल्यावरच करू शकलो असतो गं. हप्ते तरी वाचले असते." नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशातली गत!

मग निवडायचं कशावरून? मला वाटतं, प्रश्नावरून. आणि माझ्याकडे तर तात्यांनी दिलेला आयता प्रश्न आहे. दिवसा लाइट का नाही? हा प्रश्न मी सबमिशनच्या गडबडीतही लायब्ररीत बसून सोडवायचा प्रयत्न केला, तेव्हा लक्षात आलं की हा एक प्रश्न नसून पाच-सहा आहेत आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळ्या डिग्रीच्या दारात उभं आहे.

पहिलं म्हणजे, शेतीला रात्री वीज का? कारण सगळ्यांची मागणी दिवसा आणि संध्याकाळी असते, आणि मध्यरात्री शहरं झोपतात. कोळशाचा संच काही पंख्यासारखा बटण दाबून बंद-चालू करता येत नाही, तो रात्रीही बऱ्यापैकी चालतच ठेवावा लागतो. मग ती रात्रीची वीज कुठे खपवायची? तर शेतात. शेतकरी काय, जागा राहील! म्हणजे तात्यांची झोप ही लोड कर्व्ह सपाट करण्यासाठी वापरली गेली, असंच म्हणायला पाहिजे. २०२४ मध्ये राज्य सरकारने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज जाहीर केली. बिल माफ झालं, जागरण मात्र माफ झालं नाही.

आता सोलरमुळे हे गणित उलटं होतंय. दुपारी वीज भरपूर आणि सूर्य मावळला की ओढाताण. म्हणूनच 'मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना' २०१७ मध्ये आली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. कल्पना साधी आहे. गावाजवळच्या सबस्टेशनच्या आसपास छोटे सोलर प्रकल्प उभारायचे आणि त्यांची वीज शेतीच्या फीडरला दिवसा द्यायची. हिशोब करून बघा. पाच अश्वशक्तीची मोटार म्हणजे ३.७ किलोवॉट, मोटारीतलं नुकसान धरून साडेचार-पाच किलोवॉट. एक मेगावॉटचा प्रकल्प भर दुपारी अशा दोनशेच्या आसपास मोटारी चालवू शकतो. आमच्या गावच्या फीडरवर अजून हे आलेलं नाही, शेजारच्या गावात काम चालू आहे म्हणतात. तात्या रोज त्या गावाकडून येणाऱ्या दूधवाल्याकडे चौकशी करतात.

हे ऐकून आमच्या विंगमधली एक मैत्रीण म्हणाली, "झालं तर मग! सोलरमध्ये मास्टर्स कर." इथेच तर घोडं अडतं! पॅनेल ही आता बाजारात मिळणारी वस्तू आहे. ती जोडल्यानंतर पुढे जे होतं ते अवघड आहे. लांबलचक फीडरच्या शेवटच्या टोकाला व्होल्टेज किती मिळेल? ढग आला आणि उत्पादन झपकन खाली आलं तर दोनशे मोटारींचं काय? दुपारी कोणीच मोटार चालवत नसेल आणि वीज उलटी वरच्या बाजूला वाहायला लागली, तर तिथलं प्रोटेक्शन ते समजून घेईल का? ही सगळी पॉवर सिस्टिम आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्सची जुनी, कंटाळवाण्या नावाची, मुखपृष्ठावर पवनचक्की नसलेली कामं आहेत.

गावात "डीपी जळाली" असं म्हटलं की अख्ख्या वस्तीच्या पोटात गोळा येतो. हॉस्टेलवर डीपी म्हणजे व्हॉट्सअॅपवरचा फोटो! सरकारी मराठीत तिला रोहित्र म्हणतात हे मला याच वर्षी कळलं. ती डीपी का जळते, तर बहुतेक वेळा तिच्यावर तिच्या ताकदीपेक्षा जास्त मोटारी लोंबकळत असतात म्हणून. हे ओळखायला कुठल्या ग्रीन मास्टर्सची गरज नाही. आपल्या सेकंड इयरचं ट्रान्सफॉर्मरचं पुस्तक नीट वाचलं तरी पुरतं.

आमच्या रानाच्या कडेने मोठ्या लाइनचे मनोरे जातात. लहानपणी मला वाटायचं, एवढ्या मोठ्या तारा डोक्यावरून जातात मग तात्यांच्या विहिरीला वीज का नाही? तिसऱ्या वर्षात येऊन उत्तर कळलं. ७६५ केव्हीच्या तारेतून ४१५ व्होल्टची मोटार चालवायची तर मध्ये ४००, २२०, १३२, ३३, ११ अशा पायऱ्या उतराव्या लागतात आणि प्रत्येक पायरीवर एक सबस्टेशन, त्याचे ब्रेकर, त्याचे रिले आणि रात्री दोनला फोन उचलणारा एक माणूस लागतो. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही लाइन सुरू झाली आणि दक्षिणेची ग्रिड उरलेल्या देशाशी जोडली गेली. 'एक देश, एक ग्रिड' ज्याला म्हणतात तो सांधा आमच्या सोलापूरला जुळला! गावात हे कोणालाच माहीत नाही. मला तरी कुठे होतं?

हा सांधा किती नाजूक असतो याची उदाहरणं मोठी आहेत. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला, लागोपाठ दोन दिवस, उत्तर भारत अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्येची ग्रिडही कोसळली. साठ कोटींच्या वर लोक राहतात एवढा तो प्रदेश. देशात वीज कमी पडली म्हणून हे झालं नव्हतं. काही लाइन आधीच बंद होत्या, उरलेल्यांवर भार वाढत गेला आणि बीना-ग्वाल्हेर ही ४०० केव्हीची लाइन तुटल्यावर पुढचं सगळं पत्त्यांच्या बंगल्यासारखं झालं. २८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगालमध्ये भर दुपारी, लख्ख उन्हात, काही सेकंदांत दोन्ही देशांची वीज गेली. तिथे तर सोलर भरपूर होतं. व्होल्टेज वाढत गेलं, ते आवरणारी यंत्रणा अपुरी पडली आणि एकामागून एक प्रकल्प बाहेर पडत गेले. म्हणजे वीज तयार करणं आणि वीज सांभाळणं या दोन वेगळ्या विद्या आहेत. दुसरीची माणसं जगभर लागणार आहेत.

आकड्यांच्या बाबतीतही नावावर जाऊ नये. जून २०२५ अखेर देशाच्या स्थापित क्षमतेतली निम्मी क्षमता कोळसा-गॅसवाली नव्हती, म्हणजे सोलर, वारा, पाणी आणि अणू यांची होती. मोठी बातमी झाली आणि ती योग्यच होती. पण २०२४-२५ मध्ये प्रत्यक्ष तयार झालेल्या विजेत कोळशाचा वाटा सत्तर टक्क्यांच्या वर होता. कारण एक मेगावॉट सोलर वर्षाला साधारण १५ ते १७ लाख युनिट देतं. ते चोवीस तास चाललं असतं तर साडेसत्याऐंशी लाखांच्या वर दिली असती! तेव्हा चंद्रपूरच्या २९२० मेगावॉटच्या औष्णिक केंद्राकडे बघून "हे आता संपलं" असं म्हणणाऱ्या मेकॅनिकलवाल्यांनी जरा दमानं घ्यावं. उलट ते जुने संच दुपारी कमी आणि संध्याकाळी जास्त असे नाचवायचे कसे, बॉयलरच्या नळ्यांना हा ताण सोसेल का, हा थर्मल आणि मटेरियलवाल्यांपुढचा अगदी ताजा प्रश्न आहे.

आणि सिव्हिलवाल्यांनो, तुम्हाला वाटतं एनर्जी सेक्टर म्हणजे तुमचं काम नाही? नाशिक-नगरच्या बाजूला सह्याद्रीत घाटघरला २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आहे. स्वस्त विजेच्या वेळी खालचं पाणी वर चढवायचं आणि मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज काढायची. म्हणजे डोंगराएवढी बॅटरी! कोयनेला १९९९ मध्ये धरण रिकामं न करता जलाशयाच्या तळाखालून बोगदा नेऊन पाणी घेतलं, त्याला लेक टॅपिंग म्हणतात. बोगदे, खडक, पाण्याचा दाब, सगळं तुमचंच आहे. त्यासाठी जिओटेक्निकल किंवा हायड्रॉलिक्समधलं साधं, सरळ एम.टेक. लागतं. त्याच्या नावात 'एनर्जी' हा शब्द कुठेच नसतो.

आता पैशांची बाजू. 'एनर्जी मॅनेजमेंट', 'एनर्जी पॉलिसी' वगैरे शिकणाऱ्यांना आम्ही मशीनवाले थोडं हसतो. मीही हसायचे. मग एकदा दाभोळचं प्रकरण वाचलं. एन्रॉन हे नाव आईबाबांच्या पिढीला चांगलंच आठवतं, आपल्याला फक्त ऐकून माहीत. गुहागरजवळ तो प्रकल्प उभा राहिला, १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला, टर्बाइन उत्तम फिरत होते. चुकलं होतं ते करारात. डॉलरशी बांधलेला दर, महागडं इंधन आणि वीज घेतली नाही तरी भरायचे पैसे. २००१ मध्ये वीज मंडळाने वीज घेणं थांबवलं आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेतली मूळ कंपनीच दिवाळखोरीत गेली. पुण्याच्या 'प्रयास' संस्थेतल्या मंडळींनी त्या कराराची आकडेमोड करून त्यातले धोके आधीच लोकांपुढे मांडले होते. तेव्हा नुसतं मशीन समजून भागत नाही, दर कसा ठरतो तेही कोणाला तरी समजावं लागतं. २००३ चा वीज कायदा, २००५ मध्ये वीज मंडळाच्या झालेल्या वेगवेगळ्या कंपन्या (मी पण २००५ चीच!), २००८ पासूनचा वीजबाजार, ज्यात आता दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे करून भाव ठरतो. हे ज्याला मनापासून आवडतं त्याने पॉलिसीची किंवा मॅनेजमेंटची डिग्री जरूर घ्यावी. मात्र इंजिनिअरिंगचे विषय सुटत नाहीत म्हणून तिकडे पळू नये. एवढंच माझं म्हणणं आहे.

तर मग निष्कर्ष काय? माझं मत असं. ज्याला ग्रिड, मशीन, बॅटरी, बोगदा यांपैकी काही प्रत्यक्ष हाताळायचंय, त्याने मूळ शाखेतलं मास्टर्स करावं आणि एनर्जीचे विषय इलेक्टिव्ह म्हणून घ्यावेत, प्रोजेक्ट त्यातला करावा. मूळ शाखेचं ज्ञान तीस वर्षं पुरतं. आज हायड्रोजनची हवा आहे, उद्या आणखी कशाची तरी असेल. ज्याला सगळी साखळी एकत्र बघायचीय किंवा मेकॅनिकल-केमिकलमधून विजेकडे वळायचंय, त्याने 'एनर्जी सायन्स'सारखी एकत्रित डिग्री घ्यावी, पण जिथे हा विषय मुरलाय अशा ठिकाणी. आय.आय.टी. मुंबईत ऊर्जेचं शिक्षण काही कालपरवा सुरू झालेलं नाही. जर्मनीतल्या ओल्डनबर्ग विद्यापीठात तर रिन्यूएबल एनर्जीचा पदव्युत्तर अभ्यासक्रम १९८७ पासून आहे. तेव्हा तर ही फॅशनही नव्हती!

परदेशाबद्दल थोडंसं. तिथे जाताना त्या देशाच्या ग्रिडचा विचार करावा, नुसता रँकिंगचा नको. डेन्मार्कमध्ये निम्म्याहून जास्त वीज वाऱ्यातून येते, तिथे विंड शिकण्यात अर्थ आहे. जर्मनीत फी नसते असं सरसकट बोललं जातं, तेही तपासून घ्यावं. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून दर सेमिस्टरला १५०० युरो फी लागू झाली, म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही २०२४ पासून फी सुरू केली. तिकडच्या सिनियरचे बर्फातले फोटो पाहून बाबांना घर तारण ठेवायला लावू नये.

सगळ्यात दुर्लक्षित पर्याय म्हणजे आत्ताच मास्टर्स न करणं! एन.टी.पी.सी., पॉवरग्रिड अशा सरकारी कंपन्या इंजिनिअर-ट्रेनीसाठी गेटचा स्कोअर मागतात तेव्हा पात्रता बी.ई.ची असते, एम.टेक.ची नाही. तेही ठरावीक शाखांचीच. आपल्या डिग्रीचं नाव त्या यादीत आहे का, हे आधी बघितलेलं बरं. अणुऊर्जेकडे जायचं असेल तर भाभा अणुसंशोधन केंद्राचं ट्रेनिंग स्कूल १९५७ पासून आहे. तिथे शिकताना आपल्यालाच पैसे मिळतात. एनर्जी ऑडिटर व्हायचं असेल तर त्याची सरकारी प्रमाणपत्र परीक्षा आहे, पण तिला अनुभवाची अट आहे, म्हणजे आधी काम! आणि एम.टेक.च करायचं असेल तर गेट देऊन चांगल्या सरकारी संस्थेत महिना १२,४०० रुपये विद्यावेतन घेत करता येतं. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो. मधल्या काळात एखाद्या सबस्टेशनवर किंवा प्लांटवर वर्ष-दोन वर्षं काढली तर आपल्याला कुठला प्रश्न आवडतो ते पुस्तकापेक्षा लवकर कळेल. पी हळद आणि हो गोरी, असं मास्टर्सच्या बाबतीत होत नाही.

तरीही माहितीपत्रक हातात आलंच, तर मी चार गोष्टी विचारायचं ठरवलंय. एक, अभ्यासक्रमात खोल असा एक तरी विषय आहे का, की सगळ्याची नुसती ओळखच आहे? दोन, लॅबमध्ये काय आहे आणि विद्यार्थ्यांना त्याला हात लावू देतात का? तीन, पाच वर्षांपूर्वी पास झालेले आज काय करतात? (गेल्या वर्षीचं प्लेसमेंट नको. पहिली नोकरी कुणालाही लागते.) चार, एकूण खर्च किती आणि कर्ज काढलं तर हप्ता पहिल्या पगाराच्या किती टक्के जाईल? ही चार उत्तरं द्यायला ज्यांना संकोच वाटतो त्यांच्या हिरव्या गवताला लांबूनच नमस्कार करावा.

जाता जाता सर आणि मॅडम लोकांना एक विनंती, लहान तोंडी मोठा घास. आमची इंडस्ट्रियल व्हिजिट म्हणजे गोवा असते, हे सगळ्यांनाच माहीत आहे. गोव्याला आमची हरकत नाहीच! पण वाटेत अर्धा दिवस एखाद्या २२० केव्ही सबस्टेशनला नेलंत तर बरं होईल. थर्ड इयरला येईपर्यंत मी एकही रिले प्रत्यक्ष पडताना पाहिला नव्हता. जे कधी डोळ्यांनी बघितलंच नाही त्यात करिअर करायचं की नाही, हे आम्ही माहितीपत्रकावरून ठरवतो, यात दोष आमचा एकट्यांचा नाही.

माझं म्हणाल तर बाबांचा कल कॅम्पसमध्ये येणाऱ्या आय.टी. कंपनीकडे आहे. "एसीत बसशील, शनिवार-रविवार सुट्टी," असं ते म्हणतात. त्यांचं चुकतं असंही नाही. त्यांनी रान सोडलं ते आम्हा मुलांनी रात्री जागू नये म्हणूनच. पण मी गेटचा फॉर्म भरायचं ठरवलंय. इलेक्ट्रिकल पेपर. जमलं तर पॉवर सिस्टिम्स, त्यातही वितरणाचा भाग, म्हणजे ११ केव्ही फीडर, डीपी आणि त्यांच्या टोकाला असलेली विहीर. कोणत्याही मुखपृष्ठावर न येणारा विषय! नाही जमलं तर आधी वीज कंपन्यांच्या जाहिराती बघेन, पण उगाच कुठल्या तरी हिरव्या नावाला हो म्हणणार नाही. बाबा अजून पूर्ण कबूल झालेले नाहीत. या उन्हाळ्यात पुन्हा बोलणं होईल.

परवा तात्यांना फोन केला आणि सांगितलं, "तात्या, तशी डिग्री नाही मिळत. पण पाच-सहा वेगवेगळ्या डिग्र्यांची माणसं एकत्र आली तर दिवसा लाइट मिळू शकते. त्यातली एक मी घेते."

तात्या जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बरं बरं. बाकीच्या पाच जणांस्नी बी लवकर घ्या म्हणावं. आजपास्नं पुन्हा रात्रीची हाय."

तर हॉस्टेलमधल्या बाकीच्या पाच जणांनो, ऐकताय ना?

— टी.ई. इलेक्ट्रिकल, लेडीज हॉस्टेल